आळवणे

आळवणे : (आळविणे). स्वर लांबवून, घोळवून व पुनःपुन्हा उच्चारून आर्ततेने गाणे, तसेच देवतेला किंवा प्रिय व्यक्तीला कळवळून साद घालणे, या दोन अर्थांनी रूढ असलेले मराठी सकर्मक क्रियापद. ‘गायकाने यमन आळवला’ या वाक्यात पहिला, तर ‘भक्ताने विठोबाला आळवले’ या वाक्यात दुसरा अर्थ आहे. ‘आळवणी’ हे त्यापासून झालेले स्त्रीलिंगी नाम मुख्यतः दुसऱ्या अर्थाने, म्हणजे काकुळतीची विनवणी या अर्थाने वापरतात. ‘मंजुळ गाणे’ असा या क्रियापदाचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. तो चुकीचा नसला, तरी अपुरा आहे. कारण मंजुळपणा हे आळवण्याचे लक्षण नसून बहुधा त्याच्या सोबत येणारा गुण आहे. बेसूर कंठाचा वारकरीही देवाला आळवतो आणि सुरेल गायकाचे प्रत्येक गाणे आळवणे ठरत नाही. संगीत व भक्ती या मराठी जीवनातील दोन क्षेत्रांना जोडणारे क्रियापद म्हणून त्याचा विचार भाषा, संगीत आणि संतवाङ्मय या तिन्ही दृष्टींनी करावा लागतो.

व्युत्पत्ती व ध्वनिपरिवर्तन : संस्कृतमधील ‘लप्’ (बोलणे) या धातूला ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आलप्’ म्हणजे कोणाला उद्देशून बोलणे, संभाषण करणे, असा अर्थ होतो. त्यापासून ‘आलपन’, ‘आलाप’ आणि ‘आलापन’ ही नामे सिद्ध होतात. ‘लप्’ धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून झालेले अनेक शब्द मराठीत तत्सम रूपाने वापरात आहेत : शोक करणे म्हणजे ‘विलाप’, असंबद्ध बडबड म्हणजे ‘प्रलाप’, सत्य लपविणारे बोलणे म्हणजे ‘अपलाप’ आणि परस्परसंभाषण म्हणजे ‘संलाप’. या सर्वांत बोलणे हा समान अंश असून बोलण्याची रीत किंवा दिशा उपसर्गाने ठरते. ‘आ’ या उपसर्गाने ‘च्याकडे’, ‘जवळ’ अशी दिशा सूचित होते. आळवणे या क्रियापदाच्या पुढील अर्थविकासात ही दिशा महत्त्वाची ठरते.

प्राकृतात ‘आलाव’ (संभाषण) हे नाम आणि ‘आलवइ’ हे क्रियारूप आढळते. दोन स्वरांमधील ‘प’चा ‘व’ होणे हा प्राकृतातील नियमित बदल होय. दीप–दीव–दिवा, ताप–ताव, विज्ञापय–विण्णव–विनवणे ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. त्यांपैकी ‘विनवणे’ हे क्रियापद येथे विशेष बोधप्रद आहे. ते आळवणे याप्रमाणेच उच्चारवाचक असून त्यातील ‘व’ही मूळच्या ‘प’पासूनच आला आहे. दुसरा बदल ‘ल’चा ‘ळ’ होण्याचा. संस्कृतमधील दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत सामान्यतः ‘ळ’ होतो, तर द्वित्त ‘ल्ल’ एकेरी ‘ल’च्या रूपाने टिकतो. म्हणून ‘फल’चे फळ व ‘कमल’चे कमळ झाले, परंतु ‘फुल्ल’चे फूल व ‘गल्ल’चे गाल झाले. समयवाचक ‘काल’चा काळ झाला आणि ‘कल्य–कल्ल’ यापासून आलेला गत दिवसाचा वाचक ‘काल’ मात्र तसाच राहिला, हे या नियमाचे लक्षणीय उदाहरण आहे. या दोन बदलांनी ‘आलप्–आलव–आळव’ ही परंपरा सिद्ध होते.

अशा रीतीने एकाच मूळ शब्दाची दोन अपत्ये मराठीत शेजारी नांदतात : विद्वत्परंपरेतून जसाच्या तसा आलेला ‘आलाप’ हा तत्सम शब्द आणि लोकांच्या तोंडी झिजून आलेले ‘आळवणे’ हे तद्भव क्रियापद. पहिला शास्त्राचा पारिभाषिक शब्द झाला, तर दुसऱ्याने शास्त्र आणि व्यवहार या दोहोंशी नाते राखले. हिंदीत ‘अलापना’ हे क्रियापद आहे. पण त्यात ‘प’ टिकून राहिल्यामुळे त्याचा ‘आलाप’शी असलेला संबंध बोलणाऱ्याच्या सहज ध्यानी येतो. मराठीत ‘आलाप’ आणि ‘आळवणे’ यांचे नाते ध्वनिपरिवर्तनाने झाकले गेले. त्यामुळे आळवणे याला स्वतंत्र अर्थजीवन लाभले असे दिसते.

रूपसाम्य व त्यातून होणारा गैरसमज : मराठीत ‘–वणे’ किंवा ‘–विणे’ हा प्रयोजक क्रियापदांचा प्रत्यय आहे. जुळणे–जुळवणे, मिळणे–मिळवणे, वळणे–वळवणे या जोड्यांकडे पाहून आळवणे हेही ‘आळणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप असावे, असे वाटण्याचा संभव असतो. तसे ते नाही. ‘सूर आळला’ किंवा ‘राग आळला’ असा प्रयोग मराठीत होत नाही. म्हणजे ज्याचे हे प्रयोजक रूप मानावे, असे मूळ क्रियापदच या अर्थाने अस्तित्वात नाही. आळवणे यातील ‘व’ प्रत्ययाचा नसून धातूचाच आहे.

‘आळणे’ हे क्रियापद मराठीत आहे. पण ते पाकक्रियेतील होय. उष्णतेने पातळ पदार्थातील पाण्याचा अंश कमी होऊन तो घट्ट होणे, हा त्याचा अर्थ. खीर, पिठले किंवा वडीचे मिश्रण ‘आळत येते’. त्याचे प्रयोजक रूपही ‘आळवणे’ असेच होते. ध्वनिदृष्ट्या एकरूप झालेली ही दोन भिन्न क्रियापदे असून त्यांची कोशातील नोंद स्वतंत्र असणे इष्ट आहे. सूर घोळवून घट्ट करणे ते आळवणे, अशी कल्पना आकर्षक वाटली, तरी तिला व्युत्पत्तीचा आधार नाही. त्याचप्रमाणे लहान मुलाने धरलेला हट्ट या अर्थाचा ‘आळ’ किंवा ‘आळी’ हा शब्द भक्तिपर रचनांत आळवण्याच्या संदर्भात येतो. देवाला आई आणि भक्ताला मूल मानल्यावर हट्ट व आळवणी या क्रिया एकमेकींच्या जवळ येणे स्वाभाविक आहे. तथापि अर्थाचे हे सान्निध्य म्हणजे उगमाचे ऐक्य नव्हे.

व्याकरणिक विशेष : आळवणे हे क्रियापद दोन प्रकारचे कर्म घेते. एक, जे गायिले जाते ते : राग, सूर, पद, अभंग, भैरवी. दुसरे, ज्याला उद्देशून गायिले किंवा बोलले जाते ते : देव, संत, आई, प्रियजन. पहिल्या प्रकारात कर्म सामान्यतः प्रत्ययरहित असते आणि भूतकाळी क्रियापद त्याच्या लिंगवचनानुसार बदलते. ‘गायिकेने मारवा आळवला’, ‘गायिकेने भैरवी आळवली’, ‘गायिकेने सूर आळवले’ ही कर्मणी प्रयोगाची वाक्ये होत. दुसऱ्या प्रकारात कर्माला ‘ला’ किंवा ‘स’ हा प्रत्यय लागून भावे प्रयोग होतो : ‘वारकऱ्यांनी विठोबाला आळवले’, ‘तिने देवीस आळवले’. पद्यात मात्र देवतावाचक कर्मही प्रत्ययावाचून येऊ शकते व तेव्हा क्रियापद त्याच्याशी जुळते.

एकाच प्रसंगाचे वर्णन या दोन्ही रीतींनी करता येते, हा या क्रियापदाचा विशेष होय. मंदिरात बसून कोणी अभंग गात असेल, तर त्याने ‘अभंग आळवला’ असेही म्हणता येते आणि ‘देवाला आळवले’ असेही. प्रसंग तोच असून बोलणाऱ्याचे लक्ष कोठे आहे, एवढाच फरक पडतो. याउलट ‘विनवणे’ या क्रियापदाला केवळ उद्दिष्ट व्यक्तीचे कर्म चालते. पद किंवा राग विनवता येत नाही. ‘म्हणणे’ या क्रियापदाला केवळ रचनेचे कर्म चालते. अभंग म्हणतात, पण या अर्थाने देवाला म्हणत नाहीत. आळवणे याने या दोन्ही जागा व्यापल्या आहेत.

‘आळवणे’ आणि ‘आळविणे’ ही दोन्ही रूपे प्रचारात असून दुसरे तुलनेने जुन्या वळणाचे व ग्रांथिक आहे. भूतकाळी ‘आळवला’ व ‘आळविला’ अशी दुहेरी रूपे आढळतात. त्यांत अर्थभेद नाही.

संगीतशास्त्रातील पार्श्वभूमी : संभाषणवाचक ‘आलाप’ शब्दाला संगीतात पारिभाषिक अर्थ प्राप्त झाल्याचे मध्ययुगीन ग्रंथांत स्पष्ट दिसते. देवगिरीचा यादव राजा दुसरा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या संगीतरत्नाकर या ग्रंथात आलापाचे पद्धतशीर विवेचन आहे. आळवणे या क्रियापदाचा विचार करताना हा ग्रंथ मराठी भाषाप्रदेशात सिद्ध झाला, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्रह, अंश, मंद्र, तार, न्यास, अपन्यास, अल्पत्व, बहुत्व, षाडवत्व आणि औडवत्व या दहा लक्षणांची अभिव्यक्ती ज्यात होते, तो रागालाप, असे शार्ङ्गदेवाने म्हटले आहे. सोप्या शब्दांत सांगावयाचे, तर रागाचा आरंभ कोठे होतो, त्यात प्रधान स्वर कोणता, तो खाली व वर कोठपर्यंत जातो, कोठे विसावतो आणि कोणते स्वर त्यात विरळ अथवा विपुल असतात, हे सर्व आलापातून प्रकट होते.

याच ग्रंथात ‘आलप्ती’चे दोन भेद सांगितले आहेत. बांधलेल्या रचनेचा आधार न घेता केलेली ती रागालप्ती. रचनेच्या आधाराने, तिच्या तालात राहून केलेली ती रूपकालप्ती. रागालप्तीची चार स्वस्थाने म्हणजे टप्पे असतात. ज्या स्वरावर राग स्थापित होतो तो स्थायी स्वर, त्यापासून चौथा तो द्व्यर्ध व आठवा तो द्विगुण. द्व्यर्ध व द्विगुण यांच्या मधल्या स्वरांना अर्धस्थित म्हणतात. गायकाने प्रथम द्व्यर्धाच्या खाली फिरावे, मग द्व्यर्धाला स्पर्श करावा, त्यानंतर अर्धस्थित स्वरांत संचार करावा आणि शेवटी द्विगुणापर्यंत पोहोचावे, असा हा क्रम आहे. पुढील स्वराकडे घाईने न जाता, प्रत्येक टप्प्यावर थांबून व मागे वळून राग उलगडण्याची ही रीत आजच्या ख्यालगायनातील स्वरागणिक ‘बढती’शी मिळतीजुळती आहे.

विद्यमान हिंदुस्थानी संगीतात ध्रुपदाचा आलाप तालाविना चालतो. त्यात ‘री’, ‘ना’, ‘नोम्’, ‘तोम्’ यांसारखी अर्थरहित वाटणारी अक्षरे वापरतात. ही अक्षरे ईश्वराच्या नामांतून निघाली, अशी ध्रुपदगायकांची परंपरागत समजूत आहे. शार्ङ्गदेवानेही प्रबंधाच्या सहा अंगांपैकी ‘तेनक’ हे अंग मंगलवाचक मानले आहे. अक्षरांच्या उगमाविषयीची समजूत भाषाशास्त्रीय कसोटीवर टिको वा न टिको, शब्दहीन आलापालाही गायकवर्गाने प्रार्थनेचे रूप मानले, ही गोष्ट तीतून व्यक्त होते. ख्यालात मात्र आलापी बहुतांशी विलंबित लयीतील बंदिशीच्या अंगाने, म्हणजे रूपकालप्तीसारखी होते. गायक आकाराने किंवा बंदिशीच्या बोलांनी स्वरविस्तार करतो आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी समेवर येतो. कर्नाटक संगीतात तालबद्ध रचनेपूर्वी केल्या जाणाऱ्या रागविस्ताराला ‘आलापना’ असे म्हणतात.

राग आळवण्याची क्रिया : आलाप करणे आणि राग आळवणे यांत मराठी भाषक सूक्ष्म भेद करतो. आलाप हे गायनाचे एक अंग आहे. आळवणे ही गायकाची वृत्ती आहे. उदाहरणादाखल यमन घेता येईल. या रागात गंधार वादी व निषाद संवादी असून मध्यम तीव्र आहे. कसलेला गायक मंद्र निषादावरून ऋषभाला स्पर्श करीत गंधारावर येतो, तेथे थांबतो, षड्जाला परत जातो आणि पुन्हा वेगळ्या वाटेने, कधी तीव्र मध्यमाकडून उतरत, त्याच गंधारावर येतो. गंधार तोच असला, तरी दर वेळी त्याचे दर्शन निराळे होते. एकाच स्वराकडे असे पुनःपुन्हा, नव्या नव्या दिशेने जाणे, हेच आळवण्याचे सांगीतिक स्वरूप होय. मारव्यात पंचम वर्ज्य असतो आणि कोमल ऋषभ व धैवत यांना प्राधान्य देऊन षड्ज बराच वेळ टाळला जातो. त्यामुळे श्रोत्याला विसाव्याच्या स्वराची ओढ लागते. अशा रागाच्या बाबतीत ‘आळवणे’ हे क्रियापद विशेष सहजपणे सुचते.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आपल्या क्रमिक पुस्तकांत अनेक रागांचे स्वरविस्तार लिपिबद्ध करून दिले. त्यांमुळे रागाचे चलन सामान्य अभ्यासकाच्या आवाक्यात आले. तथापि स्वरलिपीने स्वरांचा क्रम सांगता येतो. कोणत्या स्वरावर किती रेंगाळावे, तो किती हळुवारपणे लावावा, हे गुरूच्या कंठातूनच शिकावे लागते. मिरजेस दीर्घकाळ वास्तव्य केलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) आणि त्यांच्या परंपरेतील सवाई गंधर्व (१८८६–१९५२), हिराबाई बडोदेकर (१९०५–८९) व भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्या गायकीत स्वराच्या सावकाश विस्ताराला मोठे स्थान आहे. महाराष्ट्रातील रसिकांच्या मनात राग आळवण्याची जी प्रतिमा रुजली, तिच्या घडणीत या गायकीचा वाटा मोठा आहे.

प्रत्येक गानप्रकाराला हे क्रियापद लागू पडत नाही. भैरवी आळवतात, विलंबित ख्यालातील राग आळवतात, विराणी आळवतात. पण तराणा, पोवाडा किंवा समरगीत आळवले असे कोणी म्हणत नाही. तान घेतात किंवा मारतात, ती आळवत नाहीत. द्रुत लय, आवेश किंवा चमत्कृती यांना प्राधान्य असलेल्या गायनाशी या क्रियापदाचा मेळ बसत नाही. वाद्यसंगीताला मात्र ते चालते. सनई, बासरी, सारंगी यांसारखी स्वर लांबवू शकणारी वाद्ये राग ‘आळवतात’. तबला किंवा ढोलकी यांच्याबाबत तसा प्रयोग होत नाही.

भक्तिपर अर्थ : वारकरी आणि अन्य भक्तिसंप्रदायांच्या वाङ्मयात आळवणे म्हणजे देवाला कळवळून हाक मारणे. नामदेव (१२७०–१३५०) व तुकाराम (सतरावे शतक) यांच्या अभंगांत देवाशी सरळ बोलण्याची, त्याला बोलावण्याची, प्रसंगी त्याच्यावर रुसण्याची जी रीत आहे, तिचे वर्णन करण्यास मराठीत या क्रियापदाहून समर्पक शब्द क्वचितच आढळेल. ‘धाव्या’चे अभंग आणि रामदासांची (१६०८–८१) करुणाष्टके ही आळवणीची प्रसिद्ध रूपे होत.

भजन व कीर्तन यांच्या सादरीकरणातही आळवणे प्रत्यक्ष ऐकू येते. कीर्तनकाराने म्हटलेले अभंगाचे ध्रुपद मागे उभे असलेले टाळकरी उचलून धरतात आणि ते वारंवार आवर्तित होते. ही पुनरावृत्ती शब्द पाठ करण्यासाठी नसते. ज्याला हाक मारली आहे, तो ऐकेपर्यंत हाक मारीत राहावे, असा भाव तीत असतो. यातील बहुतेकांना रागसंगीताचे शिक्षण मिळालेले नसते. कित्येकांचा गळाही सुरेल नसतो. तरीही त्यांनी देवाला आळवले, असेच म्हटले जाते. म्हणून ‘मधुर गाणे’ हा अर्थ मुख्य मानल्यास या क्रियापदाच्या सर्वांत व्यापक वापराला बाहेर ठेवल्यासारखे होईल.

गायनावाचून केलेल्या विनवणीलाही आळवणे म्हणतात. ‘तिने मनातल्या मनात कुलदेवतेला आळवले’ या वाक्यात स्वर नाही, उच्चारही नाही. केवळ आर्तता व उद्दिष्ट आहे. अर्थाच्या या टोकाला क्रियापदातील गाण्याचा अंश पूर्णपणे लोपतो.

समानार्थक क्रियापदांशी तुलना : मराठीत गानवाचक क्रियापदे अनेक आहेत. ‘गाणे’ हे सर्वांत व्यापक. ‘म्हणणे’ हे ‘भण्’ धातूपासून आलेले असून त्यात रचना क्रमाने उच्चारण्याला महत्त्व असते. म्हणून आरती म्हणतात, श्लोक म्हणतात. ‘गुणगुणणे’ हे अनुकरणवाचक असून ते स्वतःपुरते, अस्फुट असते. त्याला श्रोता लागत नाही. ‘लकेर घेणे’ ही क्षणिक क्रिया होय, तर आळवण्याला कालावधी लागतो. ‘हेल काढणे’ यात स्वर लांबवणे असले, तरी आशय नसतो. ‘गळा काढणे’ म्हणजे मोठ्याने रडणे व ‘टाहो फोडणे’ म्हणजे आक्रोश करणे. यांत आर्तता असली, तरी संयम व स्वर नसतो. ‘साद घालणे’ एकदाच होऊ शकते. आळवणे एकदाच होत नाही.

‘गाणे’ आणि ‘आळवणे’ यांमधील भेद भक्तिपर प्रयोगांत विशेष स्पष्ट होतो. देवाला ‘गाणे’ म्हणजे त्याचे गुण वर्णन करणे. तेथे देव हा गाण्याचा विषय असतो आणि ऐकणारे इतर लोकही असू शकतात. देवाला ‘आळवणे’ म्हणजे त्यालाच ऐकवणे. तेथे देव हा श्रोता असतो. वर्णन अनुपस्थिताचेही करता येते. आळवण्यात मात्र समोरचा ऐकतो आहे किंवा निदान ऐकू शकेल, हे गृहीत धरलेले असते. मूळ ‘आलप्’मधील ‘आ’ या उपसर्गाने सूचित होणारी अभिमुखता येथे शतकांनंतरही टिकून असल्याचे दिसते.

दोन अर्थांचा परस्परसंबंध : राग आळवणे आणि देवाला आळवणे हे दोन अर्थ मुळात एकच, की योगायोगाने जवळ आलेले, असा प्रश्न उपस्थित होतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोन्ही ‘आलप्’पासूनच निघतात. उद्देशून बोलणे या मूळ अर्थाची एक शाखा आर्त संबोधनाकडे गेली आणि दुसरी संगीतशास्त्रातील आलापाच्या प्रभावाने स्वरविस्ताराकडे. तथापि मराठी भाषकाच्या मनात या शाखा अलग राहिल्या नाहीत. भारतीय संगीतपरंपरेत रागाला केवळ स्वरसमूह न मानता व्यक्तिरूप देण्याची प्रवृत्ती आढळते. रागांचे ध्यानश्लोक आणि रागमाला चित्रे ही तिची साक्ष देतात. गायक राग निर्माण करीत नाही, तर आधीच असलेल्या रागाला बोलावतो व तो प्रकट होण्याची वाट पाहतो, अशी भाषा अनेक गायकांच्या बोलण्यात येते. या दृष्टीने पाहता ‘राग आळवला’ या प्रयोगातही राग हे केवळ गायिले जाणारे कर्म न राहता ज्याला साद घातली ते उद्दिष्टही ठरते. हे स्पष्टीकरण व्युत्पत्तीने सिद्ध होणारे नसून प्रयोगावरून काढलेले अनुमान आहे; पण दोन्ही अर्थांत समान असलेली पुनरावृत्ती, विलंब, अभिमुखता आणि आर्तता ही चार लक्षणे त्याला पुष्टी देतात.

लाक्षणिक व औपरोधिक प्रयोग : आधुनिक गद्यात, विशेषतः वृत्तपत्रांत, ‘सूर आळवणे’ हा वाक्प्रयोग मत व्यक्त करणे या अर्थाने वापरतात : ‘सभासदांनी नाराजीचा सूर आळवला’. ‘तोच राग पुन्हा आळवणे’ म्हणजे जुनी तक्रार कंटाळा येईपर्यंत उगाळणे. यात ‘राग’ शब्दावरील श्लेषही कधी साधला जातो. हिंदीतही ‘अलापना’ या क्रियापदाला अशीच उपरोधिक छटा आली आहे. आळवण्याच्या चार लक्षणांपैकी येथे केवळ पुनरावृत्ती उरते; बाकीची गळून पडतात. गायकाची पुनरावृत्ती दर वेळी नवे काही दाखवते, तक्रारखोराची दाखवत नाही. उपरोध या विरोधातूनच निर्माण होतो. मूळ अर्थाची जाण असलेल्या वाचकालाच तो पूर्णपणे कळतो. ‘सूर आळवणे’ हे केवळ ‘म्हणणे’ याऐवजी वापरले गेले, तर मात्र उपरोधही नाहीसा होऊन शब्द निव्वळ अलंकार म्हणून उरतो.

कोशरचना व भाषांतर : आळवणे याची कोशात नोंद करताना ‘मंजुळ गाणे’ हा एकच अर्थ देणे किंवा ‘विनवणे’ हा अर्थ त्याच्याशी संबंध नसल्यासारखा वेगळा टाकणे, या दोन्ही गोष्टी टाळणे योग्य ठरते. आर्ततेने व पुनःपुन्हा उद्देशून स्वर किंवा शब्द उच्चारणे, हा गाभा प्रथम देऊन त्याखाली रचनाकर्मक व व्यक्तिकर्मक असे दोन उपार्थ आणि त्यानंतर लाक्षणिक प्रयोग, असा क्रम क्रियापदाच्या इतिहासाशी व वापराशी सुसंगत आहे. घट्ट करणे या अर्थाचे आळवणे हे पृथक् शब्द म्हणून द्यावयास हवे.

भाषांतरात या क्रियापदाची अडचण विशेष जाणवते. अभंगाचे अन्य भाषेत रूपांतर करताना आळवणे याला गानवाचक शब्द योजला, तर प्रार्थना हरवते. प्रार्थनावाचक शब्द योजला, तर स्वर हरवतो. अभंग ही रचना गाण्यासाठी आहे आणि तिचे गाणे हेच देवाशी बोलणे आहे, ही मराठी भक्तिपरंपरेची धारणा या एका क्रियापदात सामावलेली असल्यामुळे एका शब्दाच्या जागी दोन शब्द योजणे, हाच बहुधा अधिक प्रामाणिक मार्ग ठरतो.